एक मिनिट थांबून पाहताना

(प्रस्तावना)

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या खोलीत तपासणीचे शिबिर भरले होते. ऊसतोडीचा हंगाम संपवून बायका नुकत्याच गावी परतल्या होत्या. टेबलावर चाळिशीतली एक बाई होती. सिस्टरने दिव्याचा झोत नीट लावला, स्पेक्युलम बसवला, कापसाचा बोळा पाच टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये भिजवून गर्भाशयमुखावर हलकेच टेकवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. मिनिटभर खोलीत कोणी बोलले नाही. सुरुवातीला सगळे एकसारखे गुलाबी होते. मिनिट भरत आले तशी मुखाच्या वरच्या ओठावर, तबकडीवर अकराचा आकडा असतो त्या जागी, एक पांढरी छटा उमटू लागली. आधी पुसट, मग कड दिसण्याइतकी स्पष्ट. सिस्टरने कागदावर वर्तुळ काढले आणि अकराच्या जागी पेन्सिलीने छोटासा भाग रंगवला.

कपडे सावरून ती बाई समोर येऊन बसली.

"काय दिसलं मॅडम?"

"पिशवीच्या तोंडावर एक पांढरा डाग दिसतोय, ताई."

"कोड हाय का?"

"कोड नाही."

"मग कॅन्सर?"

"तसंही म्हणता येत नाही. छोटा तुकडा घेऊन तपासावा लागेल."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्यापेक्षा पिशवीच काढून टाका ना. आमच्या टोळीतल्या चौघींची काढली. एकदाची कटकट मिटंल."

हे पुस्तक लिहायचे असे ठरले ते त्या वाक्यामुळे. गर्भाशयमुखावरचा पांढरा डाग म्हणजे काय, तो कशामुळे दिसतो, कोणता डाग सोडून द्यायचा, कोणता धरून ठेवायचा आणि कोणता वेळीच काढायचा, हा स्त्रीरोगशास्त्रातला तसा लहानसा विषय आहे. पण लाखो स्त्रियांचे आयुष्य त्यावर अवलंबून आहे, आणि मराठीत त्यावर सलग, समजेल असे फारसे लिहिलेले नाही. परिचारिका, आशाताई, वैद्यकीय विद्यार्थी, तालुक्याला दवाखाना चालवणारे डॉक्टर आणि हातात रिपोर्ट घेऊन घाबरलेली कोणतीही स्त्री, या सगळ्यांना या विषयाच्या उंबऱ्यावरून आत घेण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

सगळ्या पुस्तकात सांगायची गोष्ट खरे तर एकच आहे. पांढऱ्या डागाच्या बाबतीत आपल्याकडे दोनच चुका होतात, घाई आणि हयगय. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा प्रवास बहुतेक स्त्रियांमध्ये पंधरा-वीस वर्षांचा असतो. एवढा अवधी देणारे कर्करोग फार थोडे. हा अवधी नीट वापरण्याची विद्या म्हणजे हे शास्त्र. बोळा टेकवून मिनिटभर थांबणे ही तिची पहिली पायरी.

आधी शब्दांविषयी. आपल्या बायका 'गर्भाशयमुख' म्हणत नाहीत. त्या 'पिशवीचं तोंड' म्हणतात. 'पांढरं जातं', 'अंगावरून जातं', 'पिशवीला सूज आली', 'पिशवीला जखम आहे', 'अंग बाहेर येतं' ही त्यांची भाषा, आणि ती अचूक आहे. त्यातल्या प्रत्येक शब्दामागे वेगळी तक्रार आहे. गोंधळ होतो तो 'पांढरं' या एकाच शब्दात तीन वेगळ्या गोष्टी मावतात म्हणून. अंगावरून जाणारा पांढरा स्राव, त्वचेवरचे पांढरे कोड आणि पिशवीच्या तोंडावरचा पांढरा डाग, या तिन्हींचा एकमेकींशी बहुधा काही संबंध नसतो. पांढरे जाते म्हणून कर्करोग होतो, ही समजूत निराधार आहे. पांढरे जाण्याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात आणि औषधाने बरी होतात. उलट कर्करोगपूर्व डाग असलेल्या स्त्रीला बहुधा कसलाच त्रास नसतो. म्हणून तो शोधावा लागतो.

शरीराविषयी मराठीत सरळ बोलण्याची परंपरा आपल्याकडे आहे. र. धों. कर्वे यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि समाजाचा रोष पत्करून 1953 पर्यंत चालवले. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आयुष्यात एकदा तरी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम आठ टक्के होत्या. हा अभ्यास 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आणि खेड्यातल्या बाईचे दुखणे जगाच्या नकाशावर आले. या पुस्तकाने कुणाचा हात धरायचा असेल तर या परंपरेचा.

आता डागाकडे वळू.

गर्भाशयमुख म्हणजे गर्भपिशवीचा योनीत उतरलेला खालचा टोकाचा भाग. बाळंतपण न झालेल्या स्त्रीत त्याचे छिद्र बारीक आणि गोल असते; बाळंतपण झालेल्या स्त्रीत ते आडव्या फटीसारखे दिसते. बाहेरच्या बाजूला चपट्या पेशींचे थरावर थर असतात. आतल्या नळीला मात्र उंच, खांबासारख्या पेशींचा एकेरी थर असतो. जाड थरातून खालच्या रक्तवाहिन्यांचा रंग गाळून येतो म्हणून तो भाग फिकट गुलाबी दिसतो, आणि एकेरी थरातून तो थेट दिसतो म्हणून लाल. तरुण वयात, गरोदरपणी किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना आतला लाल थर थोडा बाहेर सरकतो. ही नैसर्गिक अवस्था कितीतरी स्त्रियांना 'जखम' म्हणून सांगितली जाते आणि विनाकारण जाळूनही टाकली जाते.

या दोन थरांची शीव जिथे असते ती जागा आयुष्यभर सरकत राहते. बाहेर आलेल्या खांबासारख्या पेशींच्या जागी हळूहळू चपट्या पेशी येतात. ज्या पट्ट्यात ही अदलाबदल घडते त्याला परिवर्तन क्षेत्र म्हणतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक वेळा इथेच सुरू होतो, कारण ह्युमन पॅपिलोमा विषाणू म्हणजे एचपीव्ही इथल्या बदलत्या पेशींत सहज शिरतो. गर्भाशयमुख पाहणे म्हणजे आधी ही शीव शोधणे. ती पूर्ण दिसली तरच तपासणी पुरी झाली असे म्हणता येते. रजोनिवृत्तीनंतर शीव आत नळीत सरकते, म्हणूनच उतारवयात केवळ डोळ्यांनी केलेल्या तपासणीवर विसंबून चालत नाही.

ॲसेटिक ॲसिड म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल. ते लागले की पेशींमधली प्रथिने थोडा वेळ गोठल्यासारखी होतात. निरोगी चपट्या पेशींत केंद्रक लहान असते, त्यामुळे प्रकाश पार खालपर्यंत जातो आणि रंग गुलाबीच राहतो. बिघडलेल्या पेशींत केंद्रके मोठी आणि दाटीवाटीने असतात. प्रकाश तिथूनच परततो आणि डोळ्यांना पांढरे दिसते. काही मिनिटांत हा परिणाम ओसरतो. बदल जितका गंभीर तितका पांढरेपणा दाट आणि तितका तो जास्त वेळ टिकतो. इथे एक सूचना लगेच द्यायला हवी. व्हिनेगर स्वयंपाकघरात मिळते म्हणून ही तपासणी घरी करायची नाही. लावणारा हात आणि पाहणारा डोळा, दोन्ही शिकलेले हवेत.

कारण सगळे पांढरे सारखे नसते. बुरशीच्या संसर्गाचा पांढरा थर दह्याच्या कणांसारखा असतो आणि कापसाने पुसला की निघतो. नाबोथच्या गाठी म्हणजे द्राव साठलेले पिवळसर पांढरे टपोरे ठिपके. त्या निरुपद्रवी असतात. कोंडायलोमा म्हणजे विषाणूजन्य चामखीळ. तिचा पृष्ठभाग फुलकोबीसारखा असतो. नव्याने तयार होणारा, अजून न पिकलेला चपटा थरही आम्ल लावल्यावर पांढरा दिसतो, पण तो फिकट आणि कड नसलेला. दखल घ्यायची ती दाट, ठळक काठाच्या आणि शिवेला चिकटून असलेल्या डागाची. शिवेपासून दूर, नकाशातल्या बेटांसारखे विखुरलेले पुसट ठिपके बहुधा सोडून देता येतात.

आणखी एक पांढरे असते, जे आम्ल लावण्याआधीच दिसते. ते पुसून जात नाही, थोडे उठावदार असते आणि खडूचा थर बसल्यासारखे भासते. याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच पांढरा चट्टा. तंबाखू खाणाऱ्यांच्या आणि मशेरी लावणाऱ्या बायकांच्या तोंडातला ल्युकोप्लाकिया आपल्याकडच्या दंतवैद्यांच्या रोजच्या ओळखीचा आहे. गर्भाशयमुखावर तो होतो केराटिन साचल्यामुळे, म्हणजे हातापायांना घट्टा पडतो त्याच पदार्थामुळे. अंग बाहेर येणाऱ्या बायकांमध्ये कपड्याला घासून घासून तिथली त्वचा अशी पांढरी, जाड होते. आधारासाठी बसवलेल्या पेसरीच्या घर्षणानेही होते. विषाणूमुळेही ल्युकोप्लाकिया होतो आणि काही वेळा कारणच सापडत नाही. बहुतेक ल्युकोप्लाकिया निरुपद्रवी असतात. तरीही त्याचा तुकडा तपासायचा, कारण जाड केराटिनखाली काय दडले आहे ते कॉल्पोस्कोप या भिंगाच्या उपकरणालाही दिसत नाही.

पांढऱ्या डागाचा माग काढण्याचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. जर्मनीतल्या हान्स हिन्सेलमान याने 1925 साली भिंग आणि दिवा एकत्र बसवून पहिला कॉल्पोस्कोप तयार केला. कर्करोगाची सुरुवात बारीकशा गाठीने किंवा व्रणाने होत असणार, ती मोठी करून पाहिली तर लवकर सापडेल, अशी त्याची कल्पना होती. त्याला दिसले ते पांढरे डाग. त्यापाठोपाठ व्हिएन्नाच्या वॉल्टर शिलर याने आयोडीनची चाचणी आणली. निरोगी पेशींत ग्लायकोजेन असते, ते आयोडीन शोषून गर्द तपकिरी होते. बिघडलेला भाग रंग धरत नाही, मोहरीसारखा पिवळा उरतो. आजही आम्लानंतर आयोडीन लावून पाहण्याची पद्धत आहे. जॉर्ज पापानिकोलाऊ याने हर्बर्ट ट्राऊटबरोबर 1940च्या दशकात पेशी खरवडून काचपट्टीवर तपासण्याची रीत रूढ केली. पॅप स्मिअर ती हीच. हॅराल्ड झुर हाउझेन याच्या प्रयोगशाळेने 1983 साली एचपीव्ही 16 आणि पुढच्याच वर्षी 18 वेगळे काढले, आणि डागामागचा कर्ता सापडला. या कामासाठी त्याला 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या इतिहासाला एक काळी बाजू आहे आणि विद्यार्थ्यांपासून ती लपवणे मला मान्य नाही. ऑशविट्झच्या छळछावणीत कैदी स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचे कॉल्पोस्कोपने फोटो घेतले गेले, त्यांच्या संमतीवाचून तुकडे काढले गेले आणि ते तपासणीसाठी हिन्सेलमानकडे हॅम्बुर्गला पाठवले गेले. रोमा स्त्रियांच्या सक्तीच्या नसबंदीबद्दल युद्धानंतर त्याला शिक्षाही झाली. आज आपण जे उपकरण हाती धरतो त्याच्याशी हे जोडलेले आहे. टेबलावरच्या बाईला आधी सांगणे, तिचे 'हो' ऐकणे आणि ती नको म्हणाली तर थांबणे, हा शिष्टाचार या विद्येत किती महत्त्वाचा आहे हे त्यावरून कळावे.

सुरुवातीला म्हटलेल्या दोन चुका आता उदाहरणांनी पाहू.

हयगयीचे उदाहरण न्यूझीलंडचे आहे. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमधले हर्बर्ट ग्रीन यांचे मत होते की गर्भाशयमुखातला कर्करोगपूर्व बदल सहसा पुढे सरकत नाही. 1966 साली त्यांनी अशा स्त्रियांना पुरेसे उपचार न देता केवळ लक्ष ठेवण्याची योजना रुग्णालयाकडून मंजूर करून घेतली. स्त्रियांना याची कल्पना नव्हती. त्याच रुग्णालयातले सहकारी वर्षानुवर्षे हरकत घेत राहिले. 1984 साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले, तरी फारसे काही हलले नाही. सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोघींनी 1987 साली 'मेट्रो' मासिकात हे सगळे उघड केले, तेव्हा न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी समिती बसली. या स्त्रियांच्या नोंदींचा पुन्हा अभ्यास होऊन 2008 साली जे आकडे आले ते प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावेत असे आहेत. गंभीर बदल असूनही केवळ तुकडा काढून सोडून दिलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 31 टक्के जणींना तीस वर्षांत कर्करोग झाला. ज्यांचे उपचार नीट झाले त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याच्याही आत होते.

या आकड्यांत दोन धडे आहेत. गंभीर डाग सोडून देणे अक्षम्य आहे, हा पहिला. दुसरा सहज नजरेतून निसटतो: उपचार न मिळालेल्या त्या स्त्रियांतही तिघींपैकी दोघींना तीस वर्षांत कर्करोग झाला नाही. म्हणजे सर्वांत वाईट डागालासुद्धा आजच्या आज गर्भपिशवी काढण्याइतकी घाई नसते. नीट तपासायला आणि नेमका उपचार करायला वेळ असतो.

घाईचे उदाहरण आपल्या घरचे आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे 2019 साली समोर आले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरे जाते, पाळीत त्रास होतो, कंबर दुखते अशा तक्रारी घेऊन आलेल्या तिशीतल्या बायकांना कर्करोगाची भीती घातली गेली होती. कामाचा एक दिवस चुकला तर टोळीत दंड बसतो, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही. अशा परिस्थितीत 'कटकट मिटेल' हे आश्वासन कुणाला नको वाटेल? टेबलावरची ती बाई चौघींचा दाखला देत होती तो याच जगातला. तिला अडाणी म्हणणे सोपे आहे. मला तिच्यात दिसला तो तिच्या परिस्थितीचा हिशेब. तो बदलायचा तर दवाखान्याबाहेरही बरेच काही बदलावे लागेल. दवाखान्यात आपल्या हाती एवढेच असते की भीती घालायची नाही आणि थोडक्यात भागत असेल तिथे मोठा घाव घालायचा नाही.

याच मराठवाड्याच्या मातीने या विद्येला फार मोठे दानही दिले आहे. मराठवाड्याला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक अभ्यास केला. 52 गटांतल्या गावांमधल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया त्यात होत्या. काहींची आम्ल लावून, काहींची पॅप स्मिअरने, काहींची एचपीव्ही चाचणीने एकदाच तपासणी झाली. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवाच मिळाली. 2009 साली निकाल आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. इतर दोन पद्धतींनी त्या अभ्यासात तसा ठळक फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली, त्या निर्णयामागच्या पुराव्यांत धाराशिवच्या या बायका आहेत.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने चालवलेल्या अभ्यासाचे सूत्र वेगळे होते. आरोग्यसेविकांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण दिले आणि 35 ते 64 वयाच्या स्त्रियांची आम्ल लावून दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी केली. सुमारे दीड लाख स्त्रियांच्या या अभ्यासात तपासणी झालेल्या गटातले मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. एक बोळा, एक दिवा, एक मिनिट आणि शिकलेली नजर एवढ्यावर हे साधले. या अभ्यासांतल्या तुलनेच्या गटाला तपासणी न देणे नैतिकदृष्ट्या योग्य होते का, यावर नंतर कडाक्याचा वाद झाला. तो या पुस्तकात दोन्ही बाजूंनी मांडला आहे. ज्या स्त्रियांच्या आयुष्यावर आपले ज्ञान उभे आहे त्यांच्याविषयी असा वाद होणे, हे मी या विद्याशाखेच्या प्रकृतीचे चांगले लक्षण मानते.

डाग सापडल्यावर पुढे काय? कॉल्पोस्कोपने मोठा करून पाहायचा, सर्वांत संशयास्पद जागेचा मुगाच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा, आणि पॅथॉलॉजिस्टचा अहवाल येईपर्यंत कोणताही शिक्का मारायचा नाही. अहवालात कर्करोगपूर्व बदलाच्या पायऱ्या 'सीआयएन' एक ते तीन अशा लिहितात. सौम्य बदल म्हणजे सीआयएन एक. तो बहुधा एक-दोन वर्षांत आपणहून विरतो. शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूला हाकलून लावते. त्याला लक्ष ठेवणे पुरते. सीआयएन दोन आणि तीन यांचा सहसा उपचार करायचा. डाग पूर्ण दिसत असेल, नळीत शिरलेला नसेल आणि कर्करोगाचा संशय नसेल, तर तो गोठवून किंवा उष्णतेने जाळून नाहीसा करता येतो. उष्णतेचे यंत्र हातात मावते, बॅटरीवर चालते, आणि मिनिटभराच्या आत काम होते. डाग आत शिरलेला असेल तर तारेच्या कड्याने तेवढा भाग कापून काढतात. जागा बधिर केली की पुरते, भूल लागत नाही. नंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो आणि महिनाभर संबंध टाळायचे असतात. हे आधीच सांगितलेले असले तर घरी गेल्यावर बाई घाबरत नाही, आणि नवऱ्यालाही समोर बसवून सांगितले तर तिच्यावर संशय घेतला जात नाही. वर्षभराने फेरतपासणी हवीच. यातल्या कशासाठीही गर्भपिशवी काढावी लागत नाही आणि पुढे मूल होण्याची वाट बंद होत नाही. मोठा भाग कापावा लागला तर वेळेआधी बाळंतपणाची शक्यता थोडी वाढते, म्हणून गरजेपेक्षा जास्त कापायचे नाही.

गरोदरपणी डाग दिसला तर कर्करोगाचा संशय नसेल तोवर उपचार बाळंतपणानंतर. एचआयव्ही असलेल्या स्त्रीत या कर्करोगाचा धोका सहापट असतो आणि डाग लवकर पुढे सरकतो, म्हणून तिची तपासणी पंचविशीपासून आणि कमी अंतराने. आणि संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त स्राव, ही लक्षणे असतील तर शिबिराची वाट न पाहता थेट तज्ज्ञाकडे. ही वाक्ये मी मुद्दाम एकत्र ठेवली आहेत. पुस्तक पुरे वाचायला जमले नाही तरी एवढी लक्षात राहावीत.

लस आणि एचपीव्ही चाचणी आल्यावर पांढरा डाग वाचण्याची विद्या कालबाह्य होईल का, असे मला विद्यार्थी विचारतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' लशीला 2022 साली मान्यता मिळाली. ती सुमारे सत्तर टक्के कर्करोगांना कारण असलेल्या 16 आणि 18 या प्रकारांपासून संरक्षण देते. आजच्या मुलींसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण त्यांच्या आयांना ती उशिराची आहे. एचपीव्ही चाचणी विषाणू आहे एवढे सांगते. डाग आहे का, किती मोठा, कुठवर गेला, जाळून भागेल की कापावा लागेल, हे ठरवायला कुणीतरी दिवा लावून पाहावेच लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2030 साठी ठेवलेली उद्दिष्टे तिहेरी आहेत: पंधराव्या वर्षापर्यंत 90 टक्के मुलींना लस, 70 टक्के स्त्रियांची पस्तिशीत आणि पुन्हा पंचेचाळिशीत तपासणी, आणि दोष सापडलेल्या 90 टक्के स्त्रियांना उपचार. आपल्या देशाच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या स्त्रियांत ही तपासणी कधीतरी झालेल्या दोन टक्केही भरल्या नाहीत. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे 1,27,000 स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि जवळपास 80,000 दगावतात. सत्तर आणि दोन यांच्यामधले अंतर भरून काढणारे हात तयार करणे, हा या पुस्तकाचा हेतू.

वाचण्याच्या क्रमाविषयी थोडे. रंगीत चित्रांची प्रकरणे आधी पाहावीत आणि प्रत्येक चित्र किमान मिनिटभर. आधी शीव शोधा, मग पांढरे. मग त्याची कड, दाटपणा आणि जागा. मजकूर त्यानंतर. ज्या स्त्रिया स्वतःच्या रिपोर्टचा अर्थ लावण्यासाठी हे पुस्तक उघडतील त्यांनी शब्दसूची आणि उपचारांचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तिथे दिले आहेत: तुकडा तपासला का, अहवालात कोणती पायरी आहे, थांबले तर काय, काढले तर किती? ही चार उत्तरे मिळाल्याशिवाय कोणत्याही संमतिपत्रावर सही करू नये.

त्या शिबिरातल्या बाईचा तुकडा आम्ही तपासला. सौम्य बदल होता. लक्ष ठेवू, वर्षाने परत या, असे सांगितले तेव्हा तिचा चेहरा पडला. एवढ्या लांबून येऊन हातात काहीच मिळाले नाही असे तिला वाटले असावे. आशाताईने तिचे नाव वहीत लिहून घेतले, हंगामाला जाण्याआधी आठवण केली आणि परतल्यावर पुन्हा केली. वर्षाने ती आली. तीच खोली, तोच दिवा. सिस्टरने बोळा टेकवला, घड्याळाकडे पाहिले आणि आम्ही थांबलो. एक मिनिट झाले. मी आणखी एक मिनिट थांबले. अकराच्या जागी काही उमटले नाही. कागदावरचे वर्तुळ कोरेच राहिले.

ते तिला दाखवले. तिने मागच्या वर्षीचा कागद मागून घेतला, दोन्ही शेजारी ठेवले, पेन्सिलीने रंगवलेल्या जागेवरून बोट फिरवले आणि विचारले, "म्हंजे मागच्या साली काढली असती, तर चांगली पिशवी काढली असती?"

"हो," मी म्हणाले.

तिने दोन्ही कागदांची घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली. टोळीतल्या बायकांना दाखवायची आहे म्हणाली.